झाड भुंग्यानं वाळलं की रिंग मारून?

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात मे महिन्यात आमच्या एका कार्यकर्तीने केलेले भाषण. ज्या पाड्यांतून लोक येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी इथे देत आहोत. बोलण्यातली भाषा फारशी बदललेली नाही. ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे.)



मला सांगितलं होतं की दाव्याच्या कागदांवर बोल. मी कागदांवरच बोलणार आहे, पण सुरुवात एका भुंग्यापासून करणार आहे. का, ते ऐका.

दिवाळीनंतरची गोष्ट. आपल्याच एका पाड्यातल्या भावाच्या प्लॉटवर तीन झाडं वाळली. एक आंबा आणि बांधावरचे दोन ऐन. गार्ड आला, झाडं बघितली आणि म्हणाला, तू रिंग मारलीस. जमीन मोकळी करायला झाडं मारतोस. आपला भाऊ म्हणाला, नाही साहेब, झाडं आपोआप वाळली. गार्ड म्हणाला, आपोआप कोणतं झाड वाळतं? यावर आपल्या भावाकडं उत्तर नव्हतं. गार्डनं तिन्ही झाडांचा गुन्हा लिहून घेतला आणि म्हणाला, दंड भर, नाहीतर केस कोर्टात जाईल.

आता मी तुम्हाला विचारते. तुमच्या प्लॉटवरचं झाड वाळलं आणि असाच कोणी येऊन उभा राहिला, तर तुमच्याकडं उत्तर आहे का? इथं किती जणांच्या प्लॉटवर वाळलेलं झाड आहे, हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. म्हणून आजचं बोलणं.

हा भुंगा कोण

तुम्ही सगळ्यांनी तो बघितलाय. पावसाच्या सुरुवातीला रात्री दिव्यावर येऊन धडकतो. बोटाएवढा लांब, अंग कडक, आणि डोक्यावर दोन मिशा, अंगापेक्षाही लांब, मागं वळलेल्या. हातात धरला की चर्र चर्र आवाज करतो. पोरं त्याच्याशी खेळतात. आंब्यावरचा असतो तो राखाडी तपकिरी, मानेवर दोन नारिंगी ठिपके आणि मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक काटा. शेतीची पुस्तकं त्याला भिरूड म्हणतात. काजूवरचा असतो तो तांबूस, त्याला रोठा म्हणतात. अशा लांब मिशांच्या भुंग्यांच्या जगात हजारो जाती आहेत. बहुतेकांचा धंदा एकच, त्यांची पिल्लं लाकूड खातात.

मोठा भुंगा झाडाचं फार बिघडवत नाही. कोवळ्या फांदीची साल कुरतडतो, तेवढंच. झाड मारते ती त्याची अळी. ती आपल्याला दिसत नाही, कारण तिचा सगळा जन्म लाकडाच्या आत जातो.

आंब्याच्या भिरूडाचं चक्र सांगते, नीट लक्षात ठेवा, पुढं सगळं त्यावरच आहे. मिरगाचा पाऊस पडला की भुंगे झाडातून बाहेर येतात. जोडी लागते. मादी खोडावर, जाड फांदीवर जागा शोधते, सालीला चीर पाडते आणि चिरेत एकेक अंडं घालते. एका मादीची अशी शे-दोनशे अंडी. आठ-पंधरा दिवसांत अंडं फुटतं. अळी तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसते. ती आधी सालीच्या खाली राहते आणि साल व लाकूड यांच्या मधला ओला थर खाते.

हा मधला थर काय आहे? पानं जे अन्न करतात ते ह्याच थरातून खाली मुळाकडं जातं. तो थर तुटला की मुळं उपाशी. रिंग मारताना माणूस काय करतो? हाच थर चारी बाजूंनी कापतो. अळीसुद्धा तेच करते, फक्त आतून आणि हळूहळू. म्हणून रिंग मारलेलं झाड आणि भुंग्यानं खाल्लेलं झाड लांबून सारखंच दिसतं. आधी शेंड्याची पानं पिवळी, मग पानगळ, मग एकेक फांदी वाळत जाते. गार्ड लांबून बघतो. आपण जवळ जाऊन बघायचं.

अळी मोठी झाली की लाकडात शिरते. सालीतून बारीक भोकं राहतात, त्यातून भुसा बाहेर पडतो. काही ठिकाणी रस झिरपतो आणि काळा होतो. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा ती आत खात राहते आणि वाढून हाताच्या बोटाएवढी होते, कधी त्याहून लांब. पांढरी, मऊ, पाय नसल्यासारखी, तोंड तेवढं काळं आणि कठीण. रात्री सगळं शांत असताना खोडाला कान लावा, आत कुरकुर ऐकू येते. शेवटी ती लाकडात एक खोली करून कोशात जाते, कोशाचा भुंगा होतो, आणि पुढच्या पावसाला गोल भोक पाडून बाहेर येतो. अंगठा जाईल एवढं भोक. म्हणजे ज्या खोडाला अंगठ्याएवढी भोकं दिसतात, तिथून भुंगा आधीच निघून गेलाय.

हा भिरूड फक्त आंब्यावर नाही. उंबर, फणस, सावर ह्यांवरही जगतो. ऐनावर, सागावर ह्याच खानदानातले दुसरे भुंगे येतात. आपल्यातली जी माणसं सुरगाणा-पेठकडून नाशिकला द्राक्षाच्या बागेत कामाला जातात, त्यांनी वेलीच्या खोडातून निघणारा भुसा बघितला असेल. तो खोडकिडा पण लांब मिशीवालाच. आणि द्राक्षावर, तुतीवर एक असा भुंगा आहे जो जिवंत फांदीला बाहेरून गोल कुरतडून खरोखरची रिंग मारतो आणि वरच्या सुकणाऱ्या भागात अंडी घालतो. तेव्हा गार्डनं पुन्हा विचारलं की रिंग माणसाशिवाय कोण मारतं, तर सांगा, साहेब, भुंगाही मारतो. पण ती फांदीवर, आणि दातांची. खोडावरची कुऱ्हाडीची रिंग त्याच्या नावावर घालता येत नाही.

आंब्याचं झाड आणि आपला दावा

काही जण म्हणतील, बाई, एक झाड गेलं तर गेलं, जंगलात झाडं कमी आहेत का? ऐका मग.

1990 पासून सरकारनं रोजगार हमीतून फळबाग योजना काढली. ज्यांच्याकडं सातबारा होता त्यांना कलमं मिळाली, खड्ड्यांचे पैसे मिळाले. आपल्या प्लॉटवाल्यांना काय मिळालं? सातबारा नाही, म्हणून काही नाही. आपल्या आई-बापांनी कोय पुरली, डोक्यावरून पाणी आणून घातलं, गुरांपासून राखलं. आज ते झाड दोन माणसांच्या कवेत येत नाही.

वनहक्क कायद्यात काय लिहिलंय? 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असाल तर ती तुमच्या नावावर व्हायला पाहिजे. ते सिद्ध कसं करायचं, ते नियमांच्या 13 व्या कलमात आहे. त्यात नुसते सरकारी कागद नाहीत. घर, झोपडी, जमिनीची सपाटी, बांध, अशा जमिनीत केलेल्या कायमच्या सुधारणा हाही पुरावा धरलाय. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब हाही पुरावा आहे. झाड हा शब्द तिथं सुटा लिहिलेला नाही, हे मी तुम्हाला खरं सांगते. पण स्वतः लावलेला, कवेत न मावणारा आंबा बांधावर उभा आहे आणि शेजारची म्हातारी सांगतेय की ही कोय ह्याच्या बापानं पुरली तेव्हा माझं लग्न नुकतं झालं होतं. याच्यापेक्षा पक्कं काय असणार? झाड उभं असलं तर म्हातारीच्या बोलण्याला आधार मिळतो. झाड पडलं, जळणात गेलं, तर नुसते शब्द राहतात.

म्हणून आंबा वाचवणं हे फळाचं काम आहेच, दाव्याचंही आहे. आणि वाचवता आला नाही तर तो कसा मेला हे लिहून ठेवणं हे त्याहून मोठं काम. कारण उद्या तोच वाळलेला आंबा दुसऱ्या बाजूनं आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा केला जाईल.

रिंग कशी ओळखायची, भुंगा कसा ओळखायचा

1927 च्या वन कायद्याचं 26 वं कलम आहे. राखीव जंगलात झाड तोडणं, रिंग मारणं, फांद्या छाटणं, जाळणं, साल काढणं, सगळं गुन्ह्यात येतं. म्हणून रिंग हा शब्द गार्डच्या तोंडात इतका सोपा असतो. आता त्या तीन झाडांपाशी परत चला.

गुन्हा लिहिल्याला आठ दिवस झाल्यावर आम्ही गेलो. समितीचे चार जण, दोन म्हातारी माणसं आणि मी. आधी आंबा. बुंध्याशी भुशाचा ढीग, जुना, पावसानं दबलेला. साल ठोकली तर पोकळ वाजली. वाळलेल्या सालीची एक पट्टी सोलली. खाली लाकडावर वेड्यावाकड्या चपट्या वाटा, भुशानं ठासून भरलेल्या. वाट एका ठिकाणी लाकडात शिरलेली, भोक लांबट. तारेनं ओढली तर जिवंत अळी निघाली. कुठंही कुऱ्हाडीचा घाव नाही. एवढं बघितल्यावर कुणी लहान पोरही सांगेल की हे झाड माणसानं मारलेलं नाही.

मग पहिला ऐन. तिथंही तसंच, भुसा, वाटा, भोकं. अळी वेगळ्या जातीची, पण धंदा तोच.

मग दुसरा ऐन. तिथं कमरेएवढ्या उंचीवर चारी बाजूंनी सालीचा पट्टा काढलेला. कडा सरळ. कडेला कुऱ्हाडीच्या पात्याच्या खुणा. थोडा भुसा तिथंही होता, कारण झाड मरायला लागलं की त्याच्यावर भुंगे येतातच. पण अळीच्या वाटा पट्ट्याच्या कडेपर्यंत येऊन थांबत होत्या, पट्ट्यात एकही वाट नव्हती. म्हणजे आधी साल गेली, मग भुंगा आला. जर भुंगा आधी आला असता आणि माणसानं नंतर घाव घातला असता, तर अळीची वाट घावानं मध्येच कापलेली दिसली असती. हा फरक नीट लक्षात ठेवा.

आम्ही आपल्या भावाकडं बघितलं. तो खाली बघत होता. म्हणाला, भाताच्या आव्यावर सावली पडते म्हणून मीच मारली.

आता काय करायचं? एक जण म्हणाला, तिन्ही भुंग्यानं खाल्ली असं लिहून टाकू, गार्डला काय कळतंय. मी नाही म्हणलं. म्हाताऱ्या माणसांनीही नाही म्हणलं. खोटं एका झाडाचं लिहिलं की खऱ्या दोन झाडांवर कोण विश्वास ठेवील? आणि जंगल राखायचा हक्क आपण मागतोय. वनहक्क कायद्याच्या 5 व्या कलमानं ग्रामसभेला जंगल, झाडं, जनावरं, पाणी राखायचा अधिकार दिलाय. राखणारानं स्वतःच रिंग मारायची आणि भुंग्यावर ढकलायचं, हे चालणार नाही.

मग पंचनामा लिहिला. दोन झाडं अळीनं मेली, कशावरून ते लिहिलं. एक झाड रिंगेनं मेलं, तेही लिहिलं. सगळ्यांच्या सह्या, अंगठे. अळ्या भुशासकट एका बरणीत घातल्या, सालीची पट्टी पिशवीत. हे घेऊन बारा माणसं ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबानं आधी ऐकून घेतलं नाही. मग बरणी टेबलावर ठेवली. अळी वळवळत होती. शेवटी तीन झाडांचा गुन्हा एका झाडाचा झाला. त्या एकाचा दंड आपल्या भावानं भरला आणि पावती घेतली. ग्रामसभेत त्यानं कबूल केलं, आणि दंड म्हणून पाच ऐनाची रोपं जगवायचं कबूल केलं.

तेव्हा संघटनेचं धोरण असं धरा: भुंग्याचा गुन्हा आपल्या नावावर घेऊ द्यायचा नाही, आणि आपला गुन्हा भुंग्याच्या नावावर घालायचा नाही.

आणखी एक. गार्ड म्हणतो, दंड भर आणि मोकळा हो. कायद्यात 68 व्या कलमात अशी तडजोड आहे. पण दंड भरला म्हणजे गुन्हा मान्य केला असं धरतात. न केलेल्या कामाचा दंड भरू नका. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. काय लिहिलंय ते आधी वाचून घ्या. पैसे दिलेच तर पावती घेतल्याशिवाय उठू नका. जुन्या पावत्या जपा. 2005 च्या आधीच्या दंडाच्या पावत्या आज आपण दाव्याला जोडतोय, कारण त्यावर खात्यानंच लिहून दिलंय की हा माणूस इथं होता. आणि दावा निकाली लागेपर्यंत जमिनीवरून उठवता येत नाही, हे 4 थ्या कलमाच्या 5 व्या पोटकलमात आहे. वाळलेल्या झाडाचं निमित्त करून कुणी उठवायला आला तर हे कलम दाखवा.

आपल्या चुका

भुंगा धडधाकट झाडापेक्षा जखमी आणि अशक्त झाडावर जास्त बसतो. जखमा कोण करतं? काही आपणच करतो.

राबासाठी आपण ऐनाच्या फांद्या तोडतो. तोडा, राब आपल्या शेतीचा भाग आहे. पण बोथट कोयत्यानं फांदी फाडून काढली की साल खोडापर्यंत सोलत जाते. तिथं चिरा पडतात, तिथंच अंडी. कोयत्याला धार लावा, फांदी बुडापासून थोडी सोडून सरळ कापा. दरवर्षी एकाच झाडाला बोडकं करू नका. आंब्याची फांदी तोडली तर जखमेवर शेणमाती लिंपा.

मोह वेचायला सोयीचं पडतं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो. आग बुंध्याला लागते, साल भाजते, एका बाजूनं मरते. पाला झाडून बाजूला करा, बुंध्याशी पेटवू नका.

आणि वाळलेली, किडकी फांदी बांधावर तशीच टाकून ठेवतो, पावसाळ्यात जळण होईल म्हणून. तिच्या आत कोश असतात. पहिल्या पावसाला त्याच जळणातून भुंगे निघतात आणि शेजारच्या झाडावर जातात.

आता काय करायचं

मिरगाला थोडेच दिवस राहिलेत. भुंगे बाहेर यायच्या आत हे करा.

आंब्याला: प्रत्येक झाडाचं खोड आणि जाड फांद्या बघा. ताजा भुसा दिसला म्हणजे अळी आत आहे. सायकलच्या आऱ्याची तार घ्या, टोकाला आकडा करा, भोकात घालून अळी ओढून काढा, नाहीतर आतच टोचून मारा. मग कापसाचा बोळा रॉकेलमध्ये भिजवून भोकात घाला आणि वरून चिखलानं बंद करा. विडी पेटवून हे काम करू नका. आठ दिवसांनी परत बघा. चिखल ढकलून नवा भुसा आला असेल तर अळी जिवंत आहे, पुन्हा करा. दुकानदार जहाल औषधाची बाटली देईल. ती घेऊ नका. पैसे जातात, आणि पोरंबाळं, कोंबड्या त्याच झाडाखाली असतात.

काजूला: रोठा बुंध्याशी आणि मुळाशी असतो. जमिनीपासून कमरेपर्यंत बघा. तांबूस भुसा आणि डिंक दिसला की मेलेली साल पटाशीनं तासा, अळ्या वेचून मारा. मग एक भाग डांबर, दोन भाग रॉकेल मिसळून बुंध्याला हातभर उंचीपर्यंत फासा. किंवा कडुनिंबाचं तेल पाण्यात, शंभर भागाला पाच भाग. ज्या काजूची निम्म्याहून जास्त साल गोल गेलीय आणि पानं पिवळी पडलीत, तो जगत नाही. त्याच्यावर दिवस घालवू नका. तो बाकीच्या काजूंना भुंगे पुरवणारं गोदाम आहे.

पण मेलेलं झाड काढायच्या आधी थांबा. इथं दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. झाड ठेवलं तर भुंगे निघतात, काढलं तर पुरावा जातो, आणि वर तोडल्याचा गुन्हा लागतो. आंबा तर मालकीच्या जमिनीतला तोडायलाही परवानगी लागते. म्हणून क्रम असा ठेवा. आधी समितीला बोलवा, झाडाचा घेर दोरीनं मोजा, पंचनामा करा, जमलं तर फोटो काढा. झाड कुणी लावलं, कधी लावलं, ह्याचा म्हाताऱ्या माणसाचा जबाब त्याच दिवशी लिहा. मोजणीच्या नकाशावर झाडाची जागा दाखवा. मग ग्रामसभेचा ठराव करून ऑफिसला लेखी कळवा आणि पोच घ्या. परवानगी येईपर्यंत खोडाला कुऱ्हाड लावू नका. तोपर्यंत आधीच गळून पडलेल्या किडक्या फांद्या गोळा करून पावसाच्या आत चुलीत घाला, आणि खोडातल्या जेवढ्या अळ्या तारेनं निघतील तेवढ्या काढा.

पाऊस सुरू झाला की महिना-दोन महिने रात्री दिव्यावर, सकाळी खोडावर भुंगे दिसतील. पोरांना सांगा, धरा आणि मारा. एक मादी मारली म्हणजे शे-दोनशे अळ्या कमी झाल्या.

सुतार पक्ष्याला गलोल मारू नका. तो सालीखालची अळीच काढून खातो.

मंडल्याची गोष्ट

शेवटी एक गोष्ट सांगते आणि बसते. मध्य प्रदेशात मंडला, दिंडोरी, बालाघाट ह्या बाजूला सरईचं मोठं जंगल आहे. त्या झाडाला साल असंही म्हणतात. तिथं गोंड, बैगा ही आपली माणसं राहतात. सरईवर ह्याच खानदानातला एक भुंगा आहे. तो कायमच असतो, पडलेल्या, म्हाताऱ्या झाडांत. पण जंगलात पडलेली आणि अशक्त झाडं जास्त झाली, तोडलेले ओंडके पावसात तसेच राहिले, की तो बेसुमार वाढतो आणि मग उभ्या धडधाकट झाडांनाही सोडत नाही. इंग्रजांच्या काळात, 1923 ते 1928, मंडल्यात असं झालं होतं. पुन्हा 1996 ते 98 च्या सुमाराला झालं. लाखो झाडांना लागण झाली.

त्यावर एक चांगला इलाज आहे. पावसाच्या सुरुवातीला थोडी वाईट झाडं पाडायची, ओंडके करायचे, टोकाची साल ठेचायची. त्या रसाच्या वासानं भुंगे येतात, रस पिऊन सुस्त होतात, आणि माणसं हातानं वेचून मारतात. भुंगे मोजून मजुरी मिळते. हे काम तिथल्या आदिवासींनीच केलं. कुठली फवारणी नाही. अंधारातून, पावसातून जंगलात जाणारी माणसं आणि त्यांचे हात.

पण त्याच वेळी दुसरंही झालं. लागण झालेली झाडं काढायची म्हणून तोड सुरू झाली. लाखो सरई पडल्या. लोक आणि काही जाणकार विचारायला लागले की जे झाड जगू शकतं तेही का पाडताय? खरंच, थोडी लागण झालेलं झाड कधी कधी स्वतःच्या रसात अळीला बुडवून जगतं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

ह्यातून मी काय शिकले? भुंगा आला की कुणीतरी त्याचं नाव घेऊन कुऱ्हाड आणतो. कधी ती मोठ्या तोडीची असते, कधी आपल्यावरच्या गुन्ह्याची. भुंगा नेमका काय करतो आणि काय करत नाही हे गावाला माहीत असलं, तर गाव विचारू शकतं, ह्या झाडात अळी कुठं आहे, दाखवा. हा प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला ग्रामसभेनं आहे. पण विचारायला आधी साल सोलून बघितलेली पाहिजे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्यानं तीन कामं करायची. एक, प्रत्येक प्लॉटवरच्या मोठ्या झाडांची यादी: कोणतं झाड, घेर किती, कुणी लावलं. दोन, वाळलेल्या झाडांचे पंचनामे, भुंगा असेल तर भुंगा, रिंग असेल तर रिंग. तीन, एक तार, एक पटाशी आणि एक वही, समितीच्या माणसाकडं कायम. यादीची एक नकल दाव्याला जोडायची, एक संघटनेकडं द्यायची.

जेवणानंतर आपण सगळे इथल्या मागच्या आंब्यापाशी जाणार आहोत. त्याच्या बुंध्याला मी सकाळी ताजा भुसा बघितलाय. ज्याला तारेनं अळी काढता येते त्यानं पुढं या, बाकीच्यांनी शिकून घ्या.

जिंदाबाद.